ऑइलचा लाल दिवा आणि जाड ऑइल

जुन्या गाडीचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला की ऑइल कमी झाले आहे, वरून थोडे जाड ऑइल ओतले की काम भागते, असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. दिवा विझतोही, म्हणून हा समज खरा वाटणे स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात बहुतेक जुन्या गाड्यांत हा दिवा ऑइलची पातळी नव्हे, तर दाब दाखवतो. म्हणून दिवा लागताच इंजिन बंद करावे, सपाट जागी दहा मिनिटे थांबून डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून पातळी पाहावी. पातळी योग्य असेल, तर मेकॅनिककडून प्रेशर स्विच (दाब कमी झाला की दिवा लावणारा स्विच) काढून त्या जागी दाब मोजणारा साधा गेज लावून घ्यावा आणि इंजिन पूर्ण तापल्यावर, आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू असताना), गेजचा काटा पाहावा. काटा कंपनीने दिलेल्या मर्यादेत असेल, तर दोष स्विचचा किंवा वायरिंगचा असतो, आणि स्विच तुलनेने स्वस्तात बदलतो. दाब खरोखर कमी असेल, तर सम्पमधील (इंजिनच्या तळाशी ऑइल साठते त्या भागातील) गाळाने भरलेली जाळी, झिजलेला पंप किंवा बेअरिंगमधील (फिरणाऱ्या भागांना आधार देणाऱ्या भागांतील) वाढलेली फट यांचा शोध घ्यावा लागतो. जाड ऑइल त्या फटीतून सावकाश निसटते, त्यामुळे काटा वर चढतो. पण झीज तशीच राहते, आणि थंड सकाळी तेच ऑइल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते.