लोकलहोस्टवर ३०१ ची घाई नको

रीडायरेक्टचा, म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवण्याचा, नियम काढून टाकला, अपाचे हा वेब सर्व्हर बंद करून परत चालू केला, तरी ब्राउझर आपला त्याच जुन्या ठिकाणी पळतोय. घरच्या पीसीवर साइट बनवणाऱ्यांचा हा नेहमीचा वैताग, आणि शिव्या खातो सर्व्हर, ज्याला बहुतेक वेळा कोणी काही विचारलेलंच नसतं!

होतं काय, ब्राउझरने पान मागितलं की सर्व्हर पानाऐवजी एक आकडा आणि लोकेशन नावाच्या हेडरमध्ये नवा पत्ता पाठवतो, पुढची रिक्वेस्ट ब्राउझर स्वतःच टाकतो. आकडा ३०२ असला तर हे सध्यापुरतं, म्हणून पुढच्या वेळी तो परत विचारायला येतो. ३०१ म्हणजे कायमचं, मग तो ते कॅशमध्ये, म्हणजे स्वतःच्या साठ्यात, ठेवून देतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरकडे न फिरकता थेट नव्या पत्त्यावर. तुम्ही नियम बदललात हे त्याला कळणार कुठून?

लोकलवर हे जास्तच छळतं कारण लोकलहोस्टच्या, म्हणजे आपल्याच पीसीच्या, ८०८० पोर्टवर आज एक प्रोजेक्ट असतो, पुढच्या महिन्यात दुसराच, ब्राउझरच्या लेखी पत्ता मात्र तोच, त्यामुळे पहिल्याचा ३०१ दुसऱ्याच्या बोकांडी बसतो. म्हणून नियम नीट चालेपर्यंत ३०२ च ठेवा. आणि टेस्टिंग कर्ल या कमांड लाइनवरच्या टूलने करा, तो असलं काही लक्षात ठेवत नाही.

उलटं पण होतं, नियम लिहिला आणि ढिम्म काही नाही. अपाचे २.४ मध्ये अलाऊओव्हरराइड हे सेटिंग मुळात नन (None) असतं, म्हणजे साइटच्या फोल्डरमधली नियमांची एचटीअ‍ॅक्सेस फाइल तो उघडतच नाही. तपासायची सोपी आयडिया म्हणजे त्या फाइलमध्ये काहीतरी बाष्कळ टाइप करून पान रिफ्रेश करायचं, ५०० एरर आली तर फाइल वाचली जातेय, पान छान उघडलं तर दुखणं अपाचेच्या मुख्य कॉन्फिगमध्ये आहे.

हे सगळं टाळायचं तर होस्ट्स फाइलमध्ये (पीसीवरची नावं आणि पत्ते जोडणारी फाइल) प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं नाव देऊन टाका, म्हणजे कॅशची सरमिसळच होत नाही. फक्त शेवट डॉट डेव्ह नको. ती गूगलची खरीखुरी डोमेन आहे आणि २०१७ च्या शेवटी आलेल्या क्रोम ६३ पासून ब्राउझर तिथे स्वतःच एचटीटीपीएसवर ढकलतो, तुमच्या सर्व्हरने रीडायरेक्ट दिलेला नसताना. डॉट टेस्ट वापरा, ते १९९९ पासून याच कामासाठी राखून ठेवलंय.