सहाव्या घाताची मोजपट्टी
2024 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना जाहीर झाल्यापासून ‘प्रथिनांचे कोडे संगणकाने सोडवले’ असा समज पसरला आहे. प्रथिनाचा आकार वर्तवता येऊ लागला हे खरे, त्याची हालचाल नव्हे; पण दादरच्या पुलाच्या छायाचित्रावरून गर्दी दिसते, त्यातले कोण पश्चिम रेल्वेकडे वळणार हे दिसत नाही.

ॲडिनिलेट कायनेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, घ्या. ते एटीपी आणि एएमपी या पेशीच्या ऊर्जा-व्यवहारातल्या रेणूंपासून त्याच कुळातल्या एडीपीचे दोन रेणू घडवते आणि तसे करताना त्याचा झाकणासारखा भाग मिटतो, उघडतो. ही हालचाल अवघ्या काही नॅनोमीटरची असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर राहते. येथे कामी येते ती फ्रेट, म्हणजे एका रंगरेणूकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या ऊर्जेवरून अंतर मोजण्याची पद्धत. प्रथिनावर नेमक्या दोन जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल बसवून एकीला हिरवा व दुसरीला तांबडा रंगरेणू चिकटवतात आणि लेसरने फक्त हिरव्याला चेतवतात. तांबडा जवळ असला, तर हिरवा स्वतः न चमकता आपली ऊर्जा परस्पर त्याच्या हवाली करतो. मध्ये एकही प्रकाशकण सुटत नाही. मात्र हिरव्याचा उत्सर्जन-वर्णपट (तो सोडू शकतो ते रंग) आणि तांबड्याचा शोषण-वर्णपट (तो शोषतो ते रंग) एकमेकांवर यावे लागतात.

खरी गंमत अंतराच्या सहाव्या घातात आहे: ऊर्जा हवाली होण्याचा वेग त्या प्रमाणात घटतो. पाच नॅनोमीटरवर निम्मी ऊर्जा पोहोचत असेल, तर चार नॅनोमीटरवर सुमारे 79 टक्के, सहावर फक्त 25 टक्के आणि दहावर जेमतेम दीड टक्का पोहोचते. रंगरेणू मुक्तपणे गरगरत असतील, तर गणितात दिशागुणक (दोन रंगरेणूंची तोंडे एकमेकांच्या तुलनेत कोणत्या दिशेला आहेत ते सांगणारा आकडा) 2/3 धरतात. ते अडकून बसले असतील, तर अंतराचा अंदाज चुकतो. लुबर्ट स्ट्रायर आणि रिचर्ड हॉगलंड यांनी 1967 मध्ये प्रोलीनच्या वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांवर ही पट्टी पडताळून पाहिली.

या पद्धतीतून एक अनपेक्षित गोष्ट कळली: पकडायला रेणू नसतानाही ॲडिनिलेट कायनेजचे झाकण अधूनमधून मिटते. परंतु रंग चिकटवल्याने विकरच बिघडले नाही ना, हे आधी जैवरासायनिक चाचणीने, म्हणजे एडीपी पूर्वीच्याच वेगाने तयार होते का ते मोजून, पाहावे लागते. शिवाय मुंबईच्या जुलैत थंड क्युव्हेट (नमुना ठेवायची पारदर्शक कुपी) बाहेर काढली की काचेवर बाष्प धरते आणि प्रकाश विखुरतो; म्हणून लेसर सुरू करण्यापूर्वी प्रयोगशाळेत आम्ही ती नरम कागदाने दोनदा पुसतो.