माळव्याचे घाट आणि भिल्लांचा हक्क

इंदूरच्या भंवरकुआं चौकाला एकोणिसाव्या शतकातल्या बंडखोर तंट्या भिल्लाचं नाव द्यायची घोषणा 2021 मध्ये झाली. इंदूरजवळच्या पाताळपाणी स्टेशनाचंही नाव बदलायचं ठरलं. होळीच्या आधी भगोरियाचे, म्हणजे आदिवासींच्या जत्रेचे हाट भरतात, तेव्हा इंदूरहून गाड्या भरभरून लोक झाबुआ-आलीराजपूरकडे जातात. आदिवासींचं हे कौतुक आता शहराच्या अंगवळणी पडलं आहे. पण वनहक्काचे पट्टे, पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), ग्रामसभेची परवानगी असा विषय निघाला की आपल्या मराठी घरांतूनही हमखास एक सूर उमटतो: या लोकांना सरकार किती सवलती देतं! हा समज इतिहासाला धरून नाही. भिल्ल, भिलाला, बारेला या आदिवासी समाजांचा इथल्या जमिनीवर, जंगलावर आणि वाटांवर हक्क आहे, हे इंदूरच्याच होळकर राज्यानं दोन शतकांपूर्वी मान्य केलं होतं. तो हक्क पुढे हिरावला गेला. आजचे कायदे त्याचेच काही तुकडे परत करतात.

महेश्वर किंवा इंदूरहून दक्षिणेत जायचं तर नर्मदा ओलांडून सातपुड्याचे घाट चढावे लागत. सेंधव्याचा घाट, शिरपूरची वाट आणि त्याखाली खानदेश असा तो रस्ता. पेशव्यांच्या फौजा, व्यापाऱ्यांचे बैल, काशीला निघालेले यात्रेकरू या डोंगरवाटांनीच ये-जा करत, आणि डोंगर भिल्लांचे होते. 1767 ते 1795 या काळात अहिल्याबाईंनी राज्य केलं, त्यात वाटमारीचा बंदोबस्त हा मोठाच प्रश्न होता. आधी त्यांनी कडक उपाय केले, काहींना देहदंडही दिला. मग मात्र त्यांनी समेटाचा मार्ग धरला. भिल्लांच्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर अगदी थोडा कर घ्यायचा त्यांचा जुना हक्क होता. त्याला भिलकवडी म्हणत. अहिल्याबाईंनी तो कायम ठेवला. बदल्यात भिल्लांनी वाटा सुरक्षित ठेवायच्या, आपल्या हद्दीत चोरी झाली तर माल परत मिळवून द्यायचा आणि पडीक जमीन लागवडीला आणायची, असं ठरलं. ही हकीकत इंग्रज अधिकारी जॉन माल्कमनं आपल्या मध्य हिंदुस्थानवरच्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. अहिल्याबाईंचे घाट, देवळं, धर्मशाळा आपण अभिमानानं सांगतो. माझ्या मते हा करार त्यांच्याच पंगतीत बसवायला हवा, कारण त्यात डोंगरातल्या माणसाला चोर न समजता त्या मुलखाचा धनी समजलेलं आहे.

मराठी सत्तेचा दुसरा चेहराही लपवू नये. खानदेशात पेशव्यांचा अधिकारी बाळाजी लक्ष्मण यानं भिल्लांना कोपरगावला विहिरींत लोटून मारल्याची नोंद खानदेशच्या गॅझेटियरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या धामधुमीत विश्वास असा काही उरलाच नव्हता.

डिसेंबर 1817 मध्ये होळकर आणि इंग्रज यांच्यात महिदपूरची लढाई झाली, जानेवारी 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला, महूला छावणी पडली. इंग्रजांनी घाटांवर जरब बसवली ती अर्धी पैशानं आणि अर्धी बंदुकीनं. 1825 मध्ये इंग्रज अधिकारी आउट्रमनं खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, पुढे माळव्यासाठी तशीच एक सरदारपूरला उभारली गेली. पण पगार वाटला म्हणजे प्रश्न मिटत नसतो. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक 1857 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला. बडवाणीकडचा भीमा नायक त्याच्याबरोबर होता. एप्रिल 1858 मध्ये अंबापाणीच्या लढाईत अनेक भिल्ल पडले. भीमा नायक पुढे पकडला गेला आणि त्याला अंदमानला पाठवलं गेलं.

त्यानंतरचा घाव कायद्याचा होता. 1865, 1878 आणि मग 1927 च्या वन कायद्यांनी जंगल सरकारी झालं. काल ज्यानं मोह वेचला, बांबू तोडला, डोंगरउतारावर शेत केलं, तो आज गुन्हेगार ठरू लागला. याच सुमारास घाटात रेल्वे आली. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी 1870 मध्ये एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि खंडवा-इंदूर मार्ग होळकर स्टेट रेल्वे म्हणून बांधला गेला. इंदूरचा कापूस आणि अफू मुंबईला पोचायची सोय झाली. घाटवाटांवर जगणाऱ्यांना त्या सोयीत काय मिळणार होतं?

तंट्या त्याच काळातला. पूर्व निमाडातला हा भिल्ल. जमीन हातची गेली, तुरुंगवास झाला, 1878 मध्ये तो खंडव्याच्या तुरुंगातून निसटला आणि दहा-अकरा वर्षं पोलिसांना सापडला नाही. सावकाराला लुटून गरिबाला वाटणारा म्हणून निमाडनं त्याला मामा म्हटलं. अखेर विश्वासघातानं तो पकडला गेला आणि 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला त्याला फाशी झाली. पाताळपाणीला रुळांजवळ त्याचं देवस्थान आहे. महू-खंडवा मार्गावरच्या गाड्या तिथे क्षणभर थांबून पुढे जात. तंट्याला पुतळ्यात बसवणं सोपं आहे. तो ज्या सावकारी आणि जमीन-जंगलाच्या कायद्यांविरुद्ध लढला, त्यांची आठवण ठेवणं अवघड जातं.

संस्थानी काळाच्या अखेरीस वेठबिगारीचा प्रश्न पुढे आला. झाबुआ, रतलाम आणि आसपासच्या संस्थानांत भिल्लांकडून फुकट राबवून घेत. समाजवादी कार्यकर्ते मामा बालेश्वर दयाल 1937 च्या सुमारास होळकरांच्या पेटलावद परगण्याजवळ बामनियाला आले. त्यांनी आश्रम काढला आणि वेठीविरुद्ध लोकांना उभं केलं. ते 1998 मध्ये गेले. आजही त्या भागातले भिल्ल त्यांना देवाच्या जागी मानतात.

1950 च्या राज्यघटनेत आदिवासी भागांसाठी वेगळी व्यवस्था सांगणारी पाचवी अनुसूची आली. झाबुआ, आजचं आलीराजपूर, बडवाणी आणि धार-खरगोनचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. मध्य प्रदेशच्या 1959 च्या जमीन महसूल संहितेत या क्षेत्रातली आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकण्यावर बंदी आहे. फसवून गेलेली जमीन परत मिळावी म्हणून तिच्यात 1980 मध्ये 170-ख हे कलम घातलं गेलं. कागद भक्कम होता. पण सावकार, तलाठी आणि वकील यांच्या पलीकडे तो फलियांपर्यंत, म्हणजे भिल्लांच्या वस्त्यांपर्यंत क्वचितच पोचला. त्यात सरदार सरोवर आलं. 1979 मध्ये नर्मदेच्या पाणीवाटपाच्या लवादाचा निवाडा झाला आणि आलीराजपूरमधली जलसिंधीसारखी गावं बुडिताच्या यादीत गेली. ज्यांची गावं बुडणार होती त्यांची संमती कुणी घेतली नव्हती. ग्रामसभेचा आग्रह का धरला जातो, ते इथे कळतं.

पेसाचं मूळही आपल्या शेजारीच आहे. ज्या समितीच्या शिफारशींवर हा कायदा उभा राहिला, तिचे अध्यक्ष दिलीपसिंह भूरिया हे झाबुआचे खासदार होते. कायदा 1996 च्या डिसेंबरात झाला. तो राबवायचे नियम मध्य प्रदेशानं 15 नोव्हेंबर 2022 ला लागू केले, म्हणजे जवळजवळ 26 वर्षांनी. ज्या राज्याचा खासदार कायद्याच्या मुळाशी होता, तिथेच इतका उशीर व्हावा हे मला अक्षम्य वाटतं. दरम्यान 2006 चा वनहक्क कायदा आला. त्याची प्रस्तावना स्पष्टच म्हणते की वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाला. या कायद्याखाली ज्यांचे जमिनीचे दावे फेटाळले गेले त्यांना जंगलाबाहेर काढा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2019 मध्ये दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस स्थगित केला. मग मध्य प्रदेशात फेटाळलेले दावे पुन्हा तपासायचं ठरलं, आणि त्यासाठी वनमित्र नावाचं पोर्टल निघालं. 2011 च्या जनगणनेनुसार आलीराजपूर जिल्ह्यात 89 टक्के लोक आदिवासी आहेत, आणि साक्षरतेत हा जिल्हा देशात अगदी तळाशी आहे. आजोबा-पणजोबांपासून कसलेल्या शेताचा पुरावा तिथल्या माणसानं आता या पोर्टलवर चढवायचा आहे.