रुईचा चीक आणि बांधावरचं अज्ञान

‘रुईचा चीक डोळ्यात गेला की माणूस कायमचा आंधळा होतो, म्हणून बांधावरची रुई उपटून टाका.’ हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. यात अर्धंच खरं आहे.

चीक घातक आहेच. त्यातल्या द्रव्यांचा थेट हृदयावर परिणाम होतो, त्यामुळे रुई पोटात घेण्याचे घरगुती उपाय करूच नका. डोळ्यात गेला तर बुबुळाला सूज येऊन धूसर दिसतं. बऱ्याचदा दुखतही नाही, आणि खरा धोका तोच. माणूस दवाखान्यात जायला उशीर करतो. लगेच भरपूर पाण्याने धुऊन उपचार घेतले, तर बहुतेकांची दृष्टी परत येते.

आता उपटण्याबद्दल. बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या रुईची पानं खातात, ते विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांना टाळतात. दुसऱ्या एका बिनविषारी फुलपाखराची मादी जीव वाचवायला हुबेहूब तेच रूप घेते! फुलांवर काळे भुंगे येतात, परागांच्या पिशव्या तेच वाहून नेतात. खोडाच्या सालीचा वाख इतका चिवट, की त्याच्या दोऱ्या वळल्या जात आणि मासेमारीची जाळी विणली जात. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणूनच ती बांधावर टिकते. शनिवारी मारुतीला माळ वाहण्यापुरतीच ती आठवू नये. पानं तोडल्यावर हात धुवा, झाड राहू द्या.