फुलेवाडा: अंगणातल्या समाधीची पार्श्वभूमी

पुण्यातला महात्मा जोतीराव फुल्यांचा वाडा ज्या पेठेत आहे, तिचं कागदोपत्री नाव आता महात्मा फुले पेठ असलं, तरी रिक्षावाल्याला गंज पेठ म्हटलेलंच लवकर कळतं. वाडा म्हटल्यावर पुणेकराच्या डोळ्यांपुढे दिंडी दरवाजा, चौक आणि माड्या येतात. तसलं इथे काही नाही. बैठं कौलारू घर, खांबांची ओसरी, अंगणात विहीर. या विहिरीकडे बोट दाखवून, १८६८ मध्ये जोतीरावांनी अस्पृश्यांना पाणी खुलं केल्याची गोष्ट सांगितली जाते. चरित्रांत मात्र अस्पृश्यांसाठी खुला केला तो घरचा ‘हौद’, असं आहे. जपलं गेलं ते जोतीरावांचं कर्तेपणीचं घर. बाळपणीच्या खुणा शोधत आलेल्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

समाजसुधारकाचं घर म्हणून ते दाखवलं जातं, लेखकाचं म्हणून क्वचित. वास्तविक अखेरची दोन-अडीच वर्षं हे लेखकाचंच घर होतं. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरं केलं. ते छापून आलं १८९१ मध्ये, त्यांच्या पश्चात.

खरा गुंता आहे तो समाधीचा. आपल्याला जाळू नये, मिठात पुरावं, असं त्यांनी १८८७ च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. घराजवळ खड्डाही खणून घेतला होता. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले आणि नगरपालिकेने परवानगी नाकारली. कारण दिलं, हा वस्तीचा भाग आहे. १८७६ पासून काही वर्षं ते याच नगरपालिकेचे सदस्य होते. नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणता येईल. पण मृत्युपत्र तीन वर्षं आधीचं, खड्डा तयार, आणि मागणी एकाच माणसापुरती. मार्ग काढायचा असता तर निघाला असता, असं माझं मत. शेवटी दहन झालं. अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं मडकं, धरलं त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी, आणि अस्थी घराशी आणून ठेवल्या गेल्या.

म्हणून ‘समाधी’ हा शब्दही इथे जपून वापरावा लागतो. जिथे देह ठेवायचा होता तिथे अस्थी आल्या. वर आज तुळशी वृंदावन आहे. भटशाहीच्या कर्मकांडावर आयुष्यभर आसूड ओढणाऱ्याच्या अस्थींवर वृंदावन! येणारे तिथे वाकून नमस्कार करतात, आणि त्यांना ते खटकत नाही.

१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई गेल्या. पुढे घर कुटुंबाकडे राहिलं नाही. नंतर ते संरक्षित स्मारक झालं, ‘समताभूमी’ हे नाव रूढ झालं. आता ११ एप्रिलला जयंतीला आणि २८ नोव्हेंबरला पुण्यतिथीला गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते.

अलीकडचा वाद याच जागेचा आहे. जवळच सावित्रीबाईंचं स्मारक आहे. दोन्ही जोडून मोठं स्मारक करायचं ठरलं आणि मधल्या घरांच्या भूसंपादनाचा विषय निघाला. स्मारकाला आमचा विरोध नाही, पण पुनर्वसन इथेच जवळपास करा, असं तिथल्या रहिवाशांचं म्हणणं. १८९० साली वस्ती आहे म्हणून खड्ड्यात देह ठेवू दिला नाही. आता त्याच खड्ड्याशेजारच्या वस्तीला जागा सोडायला सांगितलं जातंय.