डासांच्या बॅटमधले दोन हजार व्होल्ट

जुलैत गोव्यातल्या रायबंदरला आमच्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, संध्याकाळी बसायचं तर हाताशी डास मारायची बॅट हवीच. गेल्या आठवड्यात एकही डास नसताना ती सूं सूं करायला लागली. "हवा ओली आहे ना, वीज हवेतूनच पळतेय," शेजारचे काका म्हणाले. हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय, इंजिनिअर झालेल्यांकडूनसुद्धा. ते चुकीचं आहे. पण त्याआधी बॅटच्या मुठीत काय चालतं ते सांगायलाच हवं, कारण एवढ्या स्वस्त वस्तूत इतकं सुंदर विज्ञान क्वचित सापडतं.

मुठीत चार व्होल्टची बॅटरी, जाळीवर दोन हजारांच्या आसपास व्होल्ट. शाळेतलं उत्तर म्हणजे ट्रान्सफॉर्मर. पण ट्रान्सफॉर्मरला बदलता प्रवाह लागतो आणि बॅटरी देते सरळ डीसी, म्हणजे एकाच दिशेचा स्थिर प्रवाह. म्हणून एक ट्रान्झिस्टर तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. हाच स्विचिंग पॉवर सप्लाय. मोबाइलचा चार्जर याच घराण्यातला.

सगळी जादू 'बंद' होण्याच्या क्षणात आहे. चोडणहून येणारी फेरीबोट बघा. इंजिन थांबवलं तरी ती पुढे येतच राहते. हळूहळू थांबू दिली तर धक्क्याला नुसती टेकते, एकदम अडवली तर मधे येईल त्याचा चुरा करते. तारेच्या वेटोळ्यातला प्रवाह तसाच असतो. त्याची वाट अचानक तोडली की दुसरी वाट सापडेपर्यंत वेटोळं स्वतःच व्होल्टेज चढवत नेतं.

आकडे घालून बघू. ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या, बॅटरीकडच्या वेटोळ्याचं इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला ते किती अडतं त्याचं माप, 10 मायक्रोहेन्री धरा. 4 व्होल्ट लावले की 5 मायक्रोसेकंदांत प्रवाह 2 अँपिअरवर जातो. साठलेली ऊर्जा म्हणजे इंडक्टन्स गुणिले प्रवाहाचा वर्ग, त्याच्या निम्मी: 20 मायक्रोज्यूल. आता ट्रान्झिस्टर बंद. इथली वाट तुटली, पण ते ज्या चुंबकीय गाभ्यावर गुंडाळलंय त्याच गाभ्यावर शेकडो वेढ्यांचं दुसरं वेटोळं आहे. ऊर्जा तिथून उसळते आणि डायोडमधून, म्हणजे प्रवाहाच्या एकेरी दारातून, कपॅसिटरमध्ये, म्हणजे विद्युतभाराच्या साठवणीत, जाऊन पडते. 22 नॅनोफॅरडचा कपॅसिटर 2000 व्होल्टपर्यंत भरायला 44 मिलिज्यूल लागतात, म्हणजे असे 2200 हप्ते. सेकंदाला 25,000 हप्ते पडत असतील आणि वाटेतली गळती सोडून दिली, तर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत काम झालं!

मधल्या काळात ही ऊर्जा राहते कुठे? फेराइटच्या (लोहाच्या ऑक्साइडपासून बनवलेल्या चुंबकीय सिरॅमिकच्या) गाभ्यात, असं मीही बरीच वर्षं समजत होतो. ती राहते मुख्यतः गाभ्यात मुद्दाम ठेवलेल्या फटीत, म्हणजे हवेत. चुंबकीय क्षेत्र तेवढंच असेल तर दर घनमिलिमीटरमागची ऊर्जा पदार्थाच्या पारगम्यतेच्या (तो चुंबकरेषांना किती सहज वाट देतो त्याच्या) व्यस्त प्रमाणात असते, आणि फेराइटची पारगम्यता हवेच्या दोनेक हजार पट. म्हणून ती केसाएवढी फट अख्ख्या गाभ्याला भारी पडते. फटच नसेल तर गाभा लगेच संपृक्त होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, प्रवाह बेलगाम चढतो आणि ट्रान्झिस्टर जळतो. मी घरी ट्रान्सफॉर्मर गुंडाळतो तेव्हा ही फट राखायला गाभ्याच्या ई-आकाराच्या दोन तुकड्यांमध्ये लग्नपत्रिकेचे कपटे घालतो. कपटे तिन्ही पायांखाली घातले की चुंबकरेषा कागदाची जाडी दोनदा ओलांडतात. हिशेबात ते दुप्पट धरायचं राहिलं की इंडक्टन्स निम्म्यावर येतं.

चाराचे दोन हजार झाले, म्हणजे वीज पाचशेपट वाढली, असं भासवून 'फुकट वीज' देणारी यंत्रं दाखवणारे व्हिडिओ फिरत असतात. ती फसवणूक आहे. व्होल्टेज वाढतं तेव्हा प्रवाह त्याहून जास्त पटीनं घटतो. अर्धा वॉट आत घातला तर अर्ध्याहून कमीच बाहेर येतो.

दोन हजार व्होल्ट एकट्या वेटोळ्यातून काढले तर वेढ्यांमधलं इन्सुलेशन फाटायची भीती. म्हणून वेटोळ्यातून थोडे कमी काढून पुढे व्होल्टेज पायरीपायरीनं चढवणारी डायोड-कपॅसिटरची शिडी लावतात. 1932 मध्ये केंब्रिजला कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी अशाच शिडीनं लाखो व्होल्ट उभे करून लिथियमचं अणुकेंद्र फोडलं आणि 1951 चं नोबेल मिळवलं.

आता काकांची ओली हवा. हवा दर मिलिमीटरला साधारण 3000 व्होल्ट सोसते. बाष्पाचे रेणू मोकळे इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात, त्यामुळे दमट हवा उलट किंचित जास्तच सोसते. वीज पळते ती पृष्ठभागावरून. खाऱ्या वाऱ्यानं बसलेला मिठाचा थर ओल धरतो आणि ती ओल प्रवाह वाहते. बॅटरी काढून, कपॅसिटर रिकामा करून मी बॅट उघडली. भिंगाखाली बोर्डावर, दोन सोल्डरच्या ठिपक्यांमध्ये, मुळासारखी फाटे फुटलेली तपकिरी रेघ दिसली. गळतीनं जळून तिथला पृष्ठभाग कोळसा झाला होता, आणि कोळसा आणखी प्रवाह वाहतो. एका ठिपक्याला सुईसारखं टोक होतं. टोकाशी विद्युतक्षेत्र दाटतं आणि आजूबाजूची हवा सूं सूं करते.

कोळसा खरवडला, दोन ठिपक्यांच्या मधोमध बोर्डाला खाच पाडली, टोक वितळवून गोल केलं, अल्कोहोलनं मीठ पुसलं आणि वर इन्सुलेटिंग वार्निशचे दोन हात दिले. दुसऱ्या संध्याकाळी पागोळ्या तशाच गळत होत्या. काकांनी बटण दाबून बॅट कानाजवळ धरली. काहीच आवाज नव्हता.