नागपूरच्या ट्रॉमा सिस्टर: कामाची पार्श्वभूमी

नागपुरात अपघाताचा पेशंट फक्त शहरातलाच नसतो. श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग (४४) आणि हजिरा-पारादीप महामार्ग (५३) इथे एकमेकांना छेदतात. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पाही सुरू झाला. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत तर गडचिरोलीपासून पलीकडच्या मध्य प्रदेशातल्या शिवनी, छिंदवाड्यापर्यंतचे जखमी येतात. जानेवारी २०१४ मध्ये राज्यात १०८ची अ‍ॅम्ब्युलन्स सेवा सुरू झाली, आणि पूर्वी वाटेतच दगावले असते असे कितीतरी जण आता जिवंत पोहोचतात. त्यांना सांभाळायला पहिले हात लागतात ते सिस्टरचे.

मान हलू न देता कात्रीने कपडे कापायचे, दोन्ही हातांना जाड इंट्राकॅथ (शिरेत घालायच्या नळ्या) लावायचे, रक्ताचा नमुना ब्लड बँकेकडे पाठवायचा, आणि हे चालू असताना बीपी, नाडी, जीसीएस (शुद्धीचे गुण) सांगत राहायचं. पोलिसांसाठी एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद व्हायची असते. खिशातला मोबाइल, हातातली अंगठी लिहून, सही घेऊन नातेवाइकांना द्यायची असते.

ही शिस्त फार जुनी नाही. डोक्याला मार लागलेल्या पेशंटची शुद्ध मोजणारी, ३ ते १५ गुणांची जीसीएस पद्धत १९७४ साली ग्लासगोत तयार झाली. त्याआधी ‘अर्धवट शुद्धीत’ असं मोघम लिहिलं जाई आणि पाळी बदलली की पेशंट सुधारतोय की बिघडतोय हे कळायला मार्ग नसे. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण हा क्रम एटीएलएस या डॉक्टरांसाठीच्या ट्रॉमा-उपचारांच्या अभ्यासक्रमाने पक्का केला. १९७६ साली अमेरिकेत नेब्रास्कात विमान कोसळून जेम्स स्टायनर या हाडांच्या डॉक्टरची पत्नी गेली, मुलं गंभीर जखमी झाली. गावातल्या दवाखान्यातले उपचार पाहून त्यांनी सहकाऱ्यांसह हा अभ्यासक्रम उभा केला.

पद्धती आल्या, पण त्या पाळायला माणसं पुरेशी हवीत. अतिदक्षता विभागात दर पाळीला एका पेशंटमागे एक नर्स हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. सरकारी वॉर्डात नाइटला तो कागदावरच राहतो, आणि माझ्या मते खरी दुखरी नस तीच. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या त्या भरती कंत्राटदारामार्फत होऊ नये म्हणून. ट्रॉमाचा हात बसायला वेळ लागतो. कंत्राट संपलं की तो हातच निघून जातो.

नातेवाइकांचा रागही आधी सिस्टरवरच निघतो. रुग्णालयातल्या हिंसेविरुद्ध राज्याने २०१० साली कायदा केला, ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. तरी पेशंट गेल्याचं कळताच कॅज्युअल्टीच्या दारात जमाव जमला, की कलम शोधायला वेळ नसतो, सुरक्षारक्षक जवळ असावा लागतो.